आधी मालक, मग घोडी

घोड्यालाही दमा होतो असं मी सांगितलं की लोक आधी हसतात, आणि मी हसत नाही हे पाहून विषय बदलतात. एकदा अमरावतीत एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मी काय करते म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी जनावरांची डॉक्टर, घोड्यांच्या दम्यावर आणि ॲलर्जीवर काम करते. त्यांनी वरणात भात नीट कालवला आणि विचारलं, "अन् गाढवाले?" मी म्हटलं, गाढवालाही होतो. "मंग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी मठ्ठा मागितला. माझ्या कामाबद्दल एवढं समाधान नंतर कुणीच व्यक्त केलं नाही.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घोडा तोंडानं श्वास घेत नाही. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडतो. घोड्याला ती सोय नाही. नाकपुड्या रुंद करायच्या आणि जेवढी येईल तेवढी हवा ओढायची. दम्याच्या घोड्याला हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणं जास्त जड जातं. एकदा सोडून झालेला श्वास तो पोटानं पुन्हा ढकलतो. असं बरेच महिने झालं की बरगड्यांच्या खालच्या कडेनं पोटावर एक तिरपी रेघ उमटते. ती रेघ दिसली की मी स्टेथोस्कोप बाहेर काढायच्या आधीच मनातल्या मनात निदान करून टाकायची.

कारण बहुतेक वेळा घमेल्यातच असतं. सोयाबीन, तूर, हरभरा मळणी यंत्रातून काढल्यावर जो भुसा उरतो त्याला आपल्या वऱ्हाडात कुटार म्हणतात. पावसाचं पाणी लागलेलं, कोपऱ्यात दाबून ठेवलेलं कुटार उपसलं की त्यातून धूर निघावा तशी धूळ निघते, आणि त्या धुळीत बुरशी असते. घोडा दिवसभर त्यात नाक घालून उभा असतो. मालक ते कुटार टोपल्यानं आणून टाकतो आणि पुष्कळदा घोड्याजवळच खाट टाकून झोपतो. दोघं मिळून एकच हवा वापरतात. माझ्या सगळ्या कामाचं मूळ या एका वाक्यात आहे. ते सुचायला मात्र मला एका ठेकेदाराची मदत झाली.

हे ठेकेदार परतवाड्याचे. त्यांनी काठेवाडी घोड्यासाठी खास खोली बांधली होती. खाली टाइल्स, वर पंखा, खिडक्यांना पडदे, आणि थंडी लागू नये म्हणून खिडक्या कायम बंद. घोडा देखणा होता आणि खोकत होता. ठेकेदारांनी त्याच्या पोटावरच्या रेघेवरून कौतुकानं हात फिरवला आणि म्हणाले, "पाहा मॅडम, काय कसलेलं शरीर आहे. कसरतीची रेघ आहे ही." मी म्हटलं, कसरतीचीच आहे, फक्त ही कसरत तो श्वास सोडण्यासाठी करतो. उपाय म्हणून घोडा अंगणातल्या कडुलिंबाखाली बांधायला सांगितला. त्यांना फार लागलं. एवढ्या टाइल्स कशासाठी लावल्या मग, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

पण त्यांनी ऐकलं. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा घोडा लिंबाखाली मजेत होता. खोली वाया जाऊ नये म्हणून ठेकेदारांनी तिथं स्वतःचं ऑफिस थाटलं होतं आणि आत बसून ते सारखे शिंकत होते. तो रुग्ण माझ्या खात्यातला नव्हता. तरी परतीच्या एसटीत अकोला येईपर्यंत मी त्यांच्या शिंकांचाच विचार करत होते.

मी तेव्हा अकोल्याला पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवत होते. अकोल्याच्याच सरकारी दवाखान्यातले छातीचे डॉक्टर वानखडे माझ्या ओळखीचे होते. रुग्णांवर ओरडणं हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता, आणि तो फुकट होता. त्यांच्याकडे येणाऱ्या दमेकऱ्यांत वरातीच्या घोड्यांचे मालक बरेच होते. माझ्याकडे त्यांचेच घोडे येत. आम्ही ठरवलं की घोडा आणि मालक दोघांना एकत्र तपासायचं. औषध काही द्यायचं नाही. कुटार भिजवून द्यायचं, खालचा सडका भुसा काढून टाकायचा, खिडकी उघडायची. आणि कुणाला किती आराम पडतो ते पाहायचं. डॉक्टरांचे वरिष्ठ म्हणाले, घोडे आपल्याकडे येत नाहीत. माझे वरिष्ठ म्हणाले, माणसं आपल्याकडे येत नाहीत. शेवटी दोघांनीही परवानगी दिली, कारण समोरच्यानं आधीच दिली आहे असा दोघांचाही समज झाला.

तपासणी साधी असे. मालकानं एका नळीत जोरात फुंकायचं. घोड्याला फुंक म्हणून सांगता येत नाही, म्हणून त्याच्या नाकपुड्यांवर थोडा वेळ प्लास्टिकची मोठी पिशवी धरायची. हवा कमी पडली की तो खोल श्वास घेतो आणि आतली शीळ स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येते. बघणाऱ्यांना मात्र डॉक्टरीणबाई घोड्याचा गळा घोटते आहे असंच वाटे. एका तबेल्यात माझ्या पाठीत शेणाचा गोळा बसला. मारणारी आजी नंतर चहा पाजून गेली.

इस्माईलभाई या कामातच भेटले. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका बोळात त्यांचं घर. पुढच्या खोलीत रेशमा नावाची पांढरी घोडी आणि मागच्या खोलीत इस्माईलभाई आणि त्यांच्या बायको जमीलाभाभी. मधल्या दाराला पडदा होता, पण घोडीचं तोंड बहुतेक वेळ पडद्याच्या आतच असे. वडिलांपासून धंदा एकच, नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या पाराला न्यायचं आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणायचं. हिंदूंची लग्नं, मुसलमानाची घोडी, आणि मारुतीसमोर नवरदेव, घोडी, मालक तिघंही उभे. यात कुणाला कधी काही विशेष वाटलं नाही.

वरातीच्या घोडीला लोक वाटेल ते खाऊ घालतात. जिलबी, पान, सुपारी-तंबाखूचा खर्रा; नवरदेवाच्या मित्रांना तर काही धरबंदच नसतो. इस्माईलभाईंच्या वडिलांची घोडी अशीच वरातीत कुणीतरी काहीतरी भरवल्यानं पोटात कळा येऊन गेली होती. तेव्हापासून त्या घरात एक शिस्त होती. शिंगरू असल्यापासून घोडीला शिकवायचं की जी वस्तू मालकानं आधी स्वतःच्या तोंडाला लावली नाही, ती घ्यायची नाही. दाणा असो, गूळ असो, बादलीतलं पाणी असो. इस्माईलभाई आधी चाखत आणि मग रेशमा तोंड लावी. मी पहिल्याच दिवशी भिजवलेले हरभरे तळहातावर धरले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. इस्माईलभाईंनी त्यातला एक दाणा उचलून सावकाश चावला, तेव्हा कुठे तिनं माझा हात साफ केला.

"आधी मालक, मंग घोडी," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, अभिमानानं गप्प आहेत. नंतर लक्षात आलं, त्यांना पुढच्या वाक्यासाठी श्वास गोळा करावा लागत होता.

घोडीला दमा होता, पण मालकाचा दमा तिच्याहून जुना होता. डॉक्टर वानखडे त्यांना चांगलेच ओळखत. दोनदा त्यांना निळ्या पडलेल्या ओठांनी दवाखान्यात आणलं होतं. दोन्ही वेळा ते बरे होऊन औषध ओढायचा पंप घेऊन घरी आले आणि पंप फळीवर, कुंकवाच्या डबीसारखा जपून, ठेवून दिला. त्यांचं म्हणणं पक्कं होतं. "पंप लागला म्हंजे मानूस गेला, बाई. अब्बालेही शेवटी पंपच देल्ला होता." वडिलांना पंप फार उशिरा दिला होता, हे मी समजावून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "अन् सवय लागते थ्याची. नवरदेवाच्या घोडीचा लगाम धरनारा पंप ओढून राहिला, हे पाहीन कोन?"

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की तिसऱ्या वेळी उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही. त्यांनी ते ओरडून सांगितलं असल्यामुळे इस्माईलभाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं.

मी निघाले की जमीलाभाभी दारापर्यंत येत. अंगानं बारीक, बोलणं मोजकं. एक दिवस म्हणाल्या, "डॉक्टरनीबाई, घोडीले तं तुमी बरी करसान. पन घोडीच्या मालकाचं कोन पाहीन? झोपतात न, तं मी शीळ आयकत बसते. शीळ बंद झाली का माहा जीव जाते." मी म्हटलं, डॉक्टरसाहेब आहेत ना. त्या म्हणाल्या, "थे निस्ते वरडतात." या निदानाशी मी मनातून सहमत होते.

कुटार भिजवायचं काम इस्माईलभाईंनी मनापासून केलं. टाक्यात बुडवून, निथळून, मग घमेल्यात. दोघांचाही खोकला थोडा कमी झाला. आमच्या अभ्यासाला एवढं पुरेसं होतं, पण लग्नसराईला नव्हतं. तुळशीचं लग्न झालं, सराई लागली, आणि पहिल्याच वरातीत मारुतीच्या पारासमोर रेशमाला उबळ आली. वर नवरदेव, आणि खाली घोडी बरगड्या हलवून खोकते आहे. प्रत्येक खोकल्यासरशी नवरदेवाचं बाशिंग डोळ्यांवर येत होतं. बँडवाले थांबले. बाजूनं कुणीतरी म्हणालं, "अपशकुन होय हा." नवरदेव उरलेला रस्ता चालत गेला. त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी घोडी सांगून ठेवली होती, ते एकामागून एक येऊन नाही म्हणून गेले. रेशमा घरी बसली तर त्या घरात दुसरी कमाई नव्हती.

मग मी घोडीला पंप द्यायचं ठरवलं. औषध माणसाचंच चालतं, फक्त घोडीला कितीतरी जास्त वेळा दाबावं लागतं. त्यासाठी परदेशात मुखवटा मिळतो. अकोल्यात मिळत नाही. मी तेलाच्या प्लास्टिकच्या कॅनचं बूड कापलं, कडेला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं आणि कॅनच्या तोंडाशी पंप बसवला. नाकावर धरायचा आणि दाबायचा. दिसायला तो भयंकर होता, पण बसत व्यवस्थित होता.

पहिल्या दिवशी डॉक्टर वानखडेही आले. मालकाचा श्वास मोजायचा होता. ते उलट्या बादलीवर बसले. मी मुखवटा पुढे केला. रेशमानं मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूनं गेले, तिनं तिकडून फिरवली. मी गूळ दाखवला. तिनं इस्माईलभाईंकडे पाहिलं.

"माह्या तोंडाले लागल्याबिगर नाई घेनार ती," इस्माईलभाई सहज बोलून गेले. आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

घोडी वाट पाहत होती. पडद्याआडून जमीलाभाभींचा आवाज आला, "मंग लावा न तोंडाले."

इस्माईलभाईंनी मुखवटा उचलला, स्वतःच्या तोंडापुढे धरला आणि लगेच खाली घेतला. रेशमा हलली नाही. त्यांनी पंप हवेत दाबला, फुस्स. ती दोन पावलं मागे सरली. इतकी वर्षं त्यांनी तिच्यासमोर दाणा खरोखर चावला होता, पाणी खरोखर गिळलं होतं. खोटं चाखणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी पुन्हा मुखवटा तोंडापाशी नेला, गाल फुगवले, मान डोलावली. घोडीनं कान मागे टाकले. माझ्या नोकरीत एवढी कडक परीक्षक मी दुसरी पाहिली नाही.

डॉक्टर वानखडे एवढा वेळ गप्प होते आणि त्यांना ते किती जड जातं आहे हे दिसत होतं. त्यांनी खिशातून एक नवा पंप काढला आणि पुढे केला. "हा तुमचा, थो तिचा. औषध तेच," एवढंच म्हणाले, आणि तेही हळू.

इस्माईलभाईंनी घोडीकडे पाहिलं. रस्त्याकडचं दार लोटून घेतलं. मग पंप हलवला, श्वास पूर्ण सोडला, नळी ओठांत धरली, दाबून ओढला आणि छाती भरून थांबले. दवाखान्यात दोनदा शिकवलेलं ते काहीच विसरले नव्हते. श्वास सोडून त्यांनी मुखवटा पुढे धरला. रेशमा आली आणि तिनं आपण होऊन नाक त्यात घातलं.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ हे चालू झालं. आधी मालक, मग घोडी. कुणी विचारलं तर इस्माईलभाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "मी काई घेत नाई. थे औषध घोडीचं होय. मी निस्तं चाखतो." तुम्ही औषध घेता आहात असं त्यांना कुणीही सांगायचं नाही, अशी ताकीद डॉक्टरांनी मला दिली. हे औषध घेतल्यावर चूळ भरावी लागते. तेही नुसतं सांगून भागलं नसतं, म्हणून घोडीला तोंडाचा तो वास आवडत नाही असं मी सांगितलं. ते दर वेळी खळखळून चूळ भरू लागले.

सराई संपेस्तोवर रेशमा पुन्हा वरातीत चालू लागली. त्या वर्षीच्या एका वरातीत मी मुद्दाम मागून चालत गेले. घोडी खोकत नव्हती हे तर पाहिलंच, पण खरं सांगते, माझं लक्ष लगामाकडे होतं. इस्माईलभाई मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत बँडवाल्याशी भांडत चालले होते, आणि एकही वाक्य मध्ये तुटत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी नवरदेवाकडचं आमंत्रण नसताना जेवून आले.

अभ्यासाचं म्हणाल, तर तो निव्वळ कुटार भिजवल्यानं काय होतं याचा होता. त्यात औषध चालणार नव्हतं. रेशमानं पंप घेतला, म्हणून ती बाद. इस्माईलभाईंनी चाखला, म्हणून तेही बाद. आमच्या अभ्यासात सगळ्यात जास्त बरे झालेले दोघं आमच्या अभ्यासात नाहीत. पुढे एका परिषदेत मी उरलेल्यांबद्दल बोलले. कुटार भिजवलं की घोडा आणि माणूस दोघांनाही बरं वाटतं, असं सांगितलं. श्रोत्यांनी माना डोलावल्या आणि चहाला गेले. माणूस स्वतःसाठी जे औषध घेत नाही ते घोडीसाठी घेतो, हे कोणत्या तक्त्यात बसवायचं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. याची रुखरुख राहिली आहे.

मी निवृत्त होऊन अमरावतीला आले. इस्माईलभाईंचा अधूनमधून फोन येई. घोडीची तब्येत सांगत, स्वतःची सांगत नसत. गेल्या हिवाळ्यात फोन आला आणि ते एवढंच म्हणाले, "रेशमा गेली, बाई." दम्यानं नव्हे, वयानं गेली. सकाळी उठली नाही. मला वाईट वाटलंच, पण लगेच दुसरा विचार आला. मी डॉक्टर वानखड्यांना फोन केला. आता चाखायचं कुणासाठी, असं मी विचारलं. ते फोनवर दोन मिनिटं माझ्यावर ओरडले, मग थांबले आणि म्हणाले, "बाई, तुमीच जाऊन या. मी गेलो तं त्याच्यावर वरडीन."

मी गेले. पुढची खोली धुऊन काढलेली होती आणि फार मोठी दिसत होती. खुंटीला तेलाच्या कॅनचा मुखवटा टांगलेला होता. इस्माईलभाई उंबऱ्यात बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर चढवून. ती बसायची पद्धत मी ओळखते. "या बाई," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "बसा."

मी विचारलं, पंप?

"कोनासाठी चाखू आता?" ते म्हणाले.

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. सगळी बरोबर होती. त्यातलं एकही त्यांच्या कामाचं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी खोकल्याचं निमित्त करून पुसलं.

जमीलाभाभींनी चटई टाकली आणि तीन ताटं मांडली. भाकर, वांग्याची भाजी, कांदा. आम्ही बसलो. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि ताटाकडे पाहिलंही नाही. मी म्हटलं, भाभी, घ्या ना.

"मी नाई घेत," त्या म्हणाल्या. "यायच्या तोंडाले लागल्याबिगर."

इस्माईलभाई माझ्याकडे पाहून कुरकुरले, "कालपासून हेच चालू हाये. घोट पानी नाई घेतलं हिनं." मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि मोठ्यानं चावून दाखवला. "हे पाय. चाखलं न? खाय आता."

"भाकरीचं नाई म्हनत मी," जमीलाभाभी म्हणाल्या. त्यांनी फळीवरच्या पंपाकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. अगदी रेशमासारखी.

इस्माईलभाईंनी ताट बाजूला सारलं. मग भिंतीला हात लावून उठले, फळीपाशी गेले, पंप हलवला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. जमीलाभाभी म्हणाल्या, "इकडं तोंड करून."

ते वळले. श्वास पूर्ण सोडला. फुस्स.

त्यांनी चूळ भरली, परत आले आणि ताटावर बसले. जमीलाभाभींनी भाकर मोडली.